आमच्या टीमचा तिसरा खांब

आमच्या खो-खोच्या टीममध्ये बारा मुली होत्या. त्यातल्या अकरा जणींना मी आवडत नव्हते. बारावी मीच, आणि मला मी भयंकर आवडायचे.

आधी असं नव्हतं. आठवीपर्यंत हजेरीलासुद्धा माझा आवाज निघायचा नाही. बाईंनी ‘मदिहा शिकलगार’ म्हटलं की मी नुसता हात वर करायचे आणि बाई चष्म्याआडून शोधत बसायच्या. मग नववीत अंबादास सरांनी मला मैदानावर ओढलं. खो-खोत बसलेल्या मुलीच्या पाठीवर थाप मारून ‘खो’ असं मोठ्यानं म्हणायला लागतं. पुटपुटलं तर पंच धरत नाहीत. सरांनी मला मैदानाच्या एका टोकाला उभं केलं, स्वतः दुसऱ्या टोकाला गेले आणि ओरडले, “मला ऐकू आलं की घरी जायचं!” पहिल्या दिवशी दिवेलागण झाली तरी मी तिथंच. पण एकदा जो आवाज फुटला, तो आता बंद व्हायचं नाव घेत नाही. अम्मी म्हणते, आधीच बरी होतीस.

दहावीत येईपर्यंत मी टीममधली सगळ्यात चपळ मुलगी झाले. हे मी म्हणत नाही, सरांचं स्टॉपवॉच म्हणायचं. अडचण एवढीच, की माझ्याआधी ती जागा अनुजा चौगुलेची होती. अनुजा सातवीपासून टीममध्ये, यंदा कप्तान, उंच, आणि जबडा असा, की तिनं नुसतं बघितलं तरी पाचवीतली पोरं पाण्याच्या नळाजवळून बाजूला व्हायची.

“मदे, तू पळतीस चांगलं,” ती मला जूनमध्येच म्हणाली होती, “पर तुझं तोंड तुझ्या म्होरं पळतंय.”

“मग तू दोघांच्या मागं कशाला राहिलीस?” मी म्हटलं.

झालं. तिथून सुरुवात.

घरी माझा एक करार झाला होता. माझे अब्बा रिक्षाचे हुड आणि सीटा शिवतात. दुकानात केरबामामा आपल्या रिक्षाच्या हुडाला झालर लावून घ्यायला बसले होते, त्यांच्यादेखत अब्बांनी शिलाई मशीन थांबवलं आणि म्हणाले, “दहावी हाय तुझी. जिल्हा जिंकून विभागाला गेलीस, तर पळ अजून, मी आडवा येनार न्हाय. हरलीस, तर दुसऱ्या दिवशी बूट माळ्यावर आन् तू सकाळच्या क्लासला. बोल.”

“मंजूर,” मी म्हटलं.

“केरबा, तू साक्षीला,” अब्बा म्हणाले आणि मशीन चालू केलं. अब्बा ठरवलेलं मोडत नाहीत. चांगलं ठरलेलंही नाही आणि वाईट ठरलेलंही नाही. मला क्लासचं काही वावडं नाही, पण सकाळी मैदानावर धूळ बसलेली असते, खांब ओले असतात, आणि मी पळायला लागले की मला माझ्यात काहीही खटकत नाही. ते मला सोडायचं नव्हतं. एवढंच.

जुलैमध्ये अंबादास सर पुण्याला तीन दिवसांचं शिबिर करून आले. आल्यावर त्यांनी आम्हाला गोल बसवलं, खडू हवेत उडवून झेलला आणि म्हणाले, “मोटिव्हेशन!”

“म्हंजे?” मागून कुणीतरी विचारलं.

“टीम एकजीव व्हायची तर आतनं पेटायला लागतंय. तर आता असं. आठवड्यात जी सगळ्यात जास्त गडी बाद करील, तिला शनिवारी गंगावेशीत म्हशी पिळत्यात त्या कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा एक ग्लास. माझ्याकडनं.”

“आन् आमाला?” अदिती पोवारनं विचारलं. अदिती नववीतली, मूठभर दिसते, पण जिभेला धार कुणी लावून दिली देव जाणे.

“तुमी सगळ्यांनी यायचं. समोर हुबं ऱ्हायचं आन् बघायचं.”

“नुस्तं बघायचं?”

“नुस्तं बघायचं. पोटात जळलं पायजे. तालमीत आमी असंच मोठं झालो.”

आता इथं खो-खोची एक गोष्ट सांगते, म्हणजे सरांनी काय करून ठेवलं ते कळेल. आठ जणी एका ओळीत चौकोनांत बसतात, एक आड एक उलट्या तोंडानं. नववी पळणाऱ्या गड्याचा पाठलाग करते. गडी बसलेल्यांच्या मधून पलीकडं जाऊ शकतो, पाठलाग करणारी जाऊ शकत नाही. गडी पलीकडं गेला, की तिनं पाठमोऱ्या बसलेल्या मुलीला खो देऊन उठवायचं आणि स्वतः तिच्या जागी बसायचं. म्हणजे एक गडी दमवायला पाच-सहा जणी लागतात, आणि शेवटी हात लावते कोण? एकटी. दूध कुणाला? त्या एकटीला.

दुसऱ्या दिवसापासून आमच्यात खो देणं बंद झालं. गडी पलीकडं गेला तरी पोरी धापा टाकत खांबाला वळसा घालून यायच्या, पण खो द्यायच्या नाहीत. प्रांजल आणि अदिती एकमेकींच्या वेण्या ओढून भांडल्या आणि त्यानंतर त्यांचं बोलणंच बंद झालं. सबिना मुल्ला, जी बालवाडीपासून माझ्या बाकावर बसते, तिनं मला खो देण्याऐवजी खांबाला चार फेऱ्या मारल्या आणि नंतर गटाराजवळ जाऊन उलटी केली.

अशा खेळात जी सगळ्यात जोरात पळते तीच जिंकणार. म्हणजे मी.

पहिल्या शनिवारी आम्ही सगळ्या गणवेशात, दप्तरं पाठीवर, कट्ट्यावर उभ्या. गवळीकाकांनी म्हशीच्या कासेखाली सरळ ग्लासच धरला. दोन धारा, चार धारा, आणि वर हा एवढा फेस. ग्लास हातात आला तर कोमट. मी एका दमात प्यायले. असं वाटलं, की ते दूध माझ्यासाठीच बनलंय, म्हशीसह.

दुसऱ्या शनिवारी पुन्हा मी. तिसऱ्या शनिवारी पुन्हा मी. तिसऱ्यांदा मी गवळीकाकांना म्हटलं, “काका, फेस जरा जास्त येऊ दे,” आणि ग्लास संपल्यावर मागं वळून विचारलं, “सर, अजून एक मिळेल का?”

“पी, पी,” अनुजा म्हणाली. “त्या म्हशीला ठावं नसंल आपण कुणासाठी पाझरतोय. ठावं असतं तर लाथ मारली असती.”

“मिशी आलीया तुला फेसाची,” अदिती म्हणाली. “दाढी पन यील.”

“जळा,” मी म्हटलं. “सरांनी तुम्हाला जळायलाच आणलंय.” आणि ओठावरचा फेस जिभेनं हळूहळू चाटला, सगळ्यांना नीट दिसावा म्हणून. मला त्याचं अजूनही वाईट वाटत नाही. तीन आठवडे मी पळाले होते, त्या नव्हत्या पळाल्या.

सोमवारी सरावाला मी नेहमीसारखी पाचव्या चौकोनात बसले. आणि खो सुरू झाले! तीन आठवडे बंद पडलेली टीम अशी चालायला लागली, की मी बसल्या बसल्या तोंड उघडं टाकून बघत राहिले. अनुजानं तिसऱ्या चौकोनातल्या मुलीला उठवलं, तिसरीनं सहावीला, सहावीनं सातवीला, थाप, खो, थाप, खो. गड्याला श्वास घ्यायला वेळ मिळेना. माझ्या मागून बूट जायचे, पुढून बूट जायचे, पण माझ्या पाठीवर थाप काही पडली नाही.

मंगळवारी पण नाही. बुधवारी मी जरा मागं वाकून पाठ पुढं केली, म्हणजे मागं केली, तुम्हाला कळलं. प्रांजल धावत आली, माझ्या पाठीला हात लागणारच होता, पण तिनं तो वर उचलला, आपले केस नीट केले आणि पुढं निघून गेली.

शनिवारी दूध प्यायली कोण? अदिती! जिला मागचे तीन आठवडे एकही गडी मिळाला नव्हता. तिनं ग्लास संपवला, माझ्याकडं वळून फेस हळूहळू चाटला आणि माझ्याच आवाजात म्हणाली, “सर, अजून एक मिळेल का?” अकरा जणी अशा हसल्या, की म्हैस बावचळली.

“बघितलं?” सर गवळीकाकांना सांगत होते. “याला म्हणत्यात मोटिव्हेशन! कशी एकजीव झाली टीम!”

पुढच्या शनिवारी सबिनाचा नंबर लागला. मग मात्र मी तिला मधल्या सुट्टीत बाकावर कोपऱ्यात कोंडलं.

“ठरवून करताय काय गं?”

“व्हय,” सबिना म्हणाली.

“सगळ्या?”

“सगळ्या. अनुजानं नंबर लावून दिलेत. जिचा आठवडा, तिच्यापर्यंत गडी पळवत न्यायचा. बाकीच्यांनी हात लावायचा न्हाय. आता प्रांजलचा आठवडा. अदिती बोलत न्हाय तिच्याशी, पर गडी देनार हाय.”

“आणि मी?”

“तुझा नंबर झालाय की. तीनदा.”

“सबे, आपण बालवाडीपासून एका बाकावर बसतो.”

“बसतोच की अजून. तुझ्याशी माझं वैर न्हाय गं,” तिनं माझ्या डब्यातला खिमा तिच्या चपातीवर घेतला. “पर मला दूध प्यायचंय.”

त्या दिवशी मला पहिल्यांदा पोटात जळलं. सरांना काय जळणं अपेक्षित होतं ते कळलं, आणि माझ्या बाबतीत ते चांगलंच लागू पडलं. संध्याकाळी मी सरांकडं जायला निघाले. स्टाफरूमच्या दारापर्यंत गेले. आणि तिथं थांबले, कारण मला एक गोष्ट दिसली आणि ती न दिसल्यासारखं करता येईना. त्या चांगलं खेळत होत्या. दुधानं नाही, सरांनी नाही, मी त्यांना एक केलं होतं. प्रांजल आणि अदिती एकमेकींकडं बघत नव्हत्या, पण मला टाळायचं म्हटलं की एकीच्या पायाला दुसरीचा पाय लागून चालायचा. मी सांगितलं तर सर ओरडणार, नंबर मोडणार, पुन्हा सगळ्या खांबाला वळसे घालत बसणार. मग जिल्हा जाणार. मग माझे बूट माळ्यावर.

मी दारातून परत फिरले. शिपाईमामा म्हणाले, “काय गं, काय पायजे?” मी म्हटलं, “काही नाही, तुमचं दार बघायला आले होते.”

मग मी बसले. दोन महिने बसले. पळायची पाळी आली की मी तीन-तीन मिनिटं कुणाच्या हाताला लागायचे नाही, म्हणून सर मला काढत नव्हते. पण पाठलागात मी पाचव्या चौकोनात ठेवलेलं पोतं. सरांना ते दिसायचंही नाही. सरांचं सगळं लक्ष बाद होणाऱ्या गड्यांवर, बसलेल्यांकडं बघतंय कोण. मी मात्र बसल्या बसल्या प्रत्येकीला मनात शिव्या द्यायचे, चालीवर, थापेच्या तालावर. त्या डब्याला गोल बसल्या की मी मुद्दाम मधोमध जाऊन बसायचे. अनुजा म्हणायची, “उठा गं, हितं वास यायला लागला.” मग सगळ्या उठून दुसरीकडं जायच्या, आणि सगळी सावली मला मिळायची.

आणि आम्ही जिंकत होतो. शहर जिंकलं. जिल्ह्याचे पहिले सामने जिंकले. उपांत्य फेरीत तर समोरच्या पोरी रडकुंडीला आल्या. त्या दिवशी चिंचेखाली एक बाई ट्रॅकसूट घालून उभ्या होत्या, शेंगा खात खात आमचा सगळा सामना बघत होत्या. त्या कागलकडच्या टीमच्या कोच होत्या, आणि अंतिम सामना त्यांच्याशीच होता.

अंतिम सामन्याला अब्बांनी दुकान बंद ठेवलं आणि केरबामामांच्या रिक्षातून आले. रिक्षा मैदानाच्या कडेला लावून दोघं टपावर हात ठेवून उभे. आमचं पहिलं आक्रमण सुरू झालं आणि पहिल्याच मिनिटाला त्यांची राजनंदिनी नावाची मुलगी, लांबच लांब पायांची, पळत पळत आली आणि माझ्यासमोर थांबली. अगदी समोर. हात लांबवला असता तर लागला असता, पण खो नसताना हात लावून चालत नाही. तिनं गुडघ्यांवर हात ठेवले आणि निवांत श्वास घेतला.

“बसलीयास व्हय?” ती मला म्हणाली. “बस, बस. पाय दुखतील उभं ऱ्हाऊन.”

“तुझी जीभ दुखेल,” मी म्हटलं.

तेवढ्यात अनुजा माझ्या मागून धावत गेली. मागून! एक थाप मारायची होती नुसती. ती पुढं गेली, सातवीला उठवलं, आणि सातवी समोर येईपर्यंत राजनंदिनी आरामात पलीकडं पसार.

मग त्या ट्रॅकसूटवाल्या बाईंचा आवाज सगळ्या मैदानावर घुमला. “पोरींनो, पाचवीच्या म्होरं हुब्या ऱ्हावा! तिला तिच्याच पोरी उठवत न्हाईत!”

मैदान हसलं. आधी त्यांच्या बाकावरच्या पोरी, मग आईबाप, मग आइस्क्रीमवाला. मी अब्बांकडं बघितलं. अब्बा हसत नव्हते, केरबामामांना काहीतरी विचारत होते. त्यानंतर कागलच्या सगळ्या गड्यांनी माझ्यासमोर रिक्षासारखा स्टँड टाकला. दमल्या की माझ्यापुढं येऊन थांबायच्या, घाम पुसायच्या, एकीनं तर बुटाची नाडी बांधली. पहिला डाव संपला तेव्हा आम्ही मागं होतो.

सर आमच्या घोळक्यात आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. “ती बाई काय म्हणाली? पाचवीला कोण उठवत न्हाय? अनुजा?”

अनुजा बुटाकडं बघत राहिली. अदितीनं नखं खाल्ली. सबिनानं पाण्याची बाटली तोंडाला लावली, आणि ती रिकामी होती.

“मदिहा, खरं हाय हे?”

अकरा जणी माझ्याकडं बघत होत्या. दोन महिन्यांत पहिल्यांदाच सगळ्या एकदम माझ्याकडं बघत होत्या. काय मजा होती! एक वाक्य आणि अकराच्या अकरा खलास.

“सर, मीच सांगितलंय,” मी म्हटलं. “माझा गुडघा दुखतोय. मीच म्हटलं, मला उठवू नका.”

“दुखतोय? मग बाहीर बस. प्रतीक्षा, शूज घाल, तू जा पाचवीला.”

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. राखीव बाकावरची प्रतीक्षा लगेच उठून नाडी बांधायला लागली. बाहेर बसून हा सामना हरलेला बघायचा आणि घरी जायचं, बूट माळ्यावर? माझं तोंड, देवाची कृपा, चालूच होतं.

“नाही सर! ऐका. त्यांना वाटतंय मी उठत नाही. वाटू दे. दुसऱ्या डावात पण मला उठवू नका, अजिबात नको, त्या माझ्यापुढं येऊन थांबू देत, झोपू देत. शेवटचा गडी राहिला की मला एकदाच उठवायचं. एकदा! त्या राजनंदिनीला मी बसल्या जागेवरून धरते.” आणि मग अकरा जणींकडं वळून म्हटलं, “तुम्हाला काय अवघड आहे? दोन महिने जे करताय तेच करायचं.”

सरांनी डोकं खाजवलं. त्यांना दोन महिने हा शब्द बहुतेक अर्धाच ऐकू आला. “कप्तान? काय करायचं?”

आता सगळं अनुजाच्या तोंडात होतं. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, माझ्या गुडघ्यावर जरा जास्तच वेळ थांबली, आणि म्हणाली, “ऱ्हाऊ दे तिला सर. मैदानात दोन खांब हायत, हा तिसरा.”

पोरी हसल्या. प्रतीक्षानं नाडी सोडली. आम्ही आत निघालो तेव्हा मी अनुजाच्या शेजारी गेले.

“शेवटी देशील ना?”

“बघू.”

“बघू म्हणजे?”

“बघू म्हंजे बघू. आन् तुझ्या खोटं बोलन्याचं उपकार न्हाईत माझ्यावर, सांगून ठेवतो.”

“मी तुझ्यासाठी बोललेच नाही.”

“म्हाईत हाय,” ती म्हणाली. “तू कुणासाठीच काय करत न्हाईस.”

दुसऱ्या डावात मी पळाले, आणि असं पळाले की त्यांच्या दोघी एकमेकींवर आदळल्या. मग आमचं शेवटचं आक्रमण. त्यांचे गडी तीन-तीनच्या तुकडीनं आत येत होते आणि आमच्या पोरी त्यांना टिपत होत्या. काय खेळत होत्या! अदिती नुसती सरपटायची, प्रांजलनं तर सूर मारून एक बाद केली आणि हनुवटी सोलून घेतली. ती बाईंची आरोळी त्यांना माझ्यापेक्षा जास्त लागली होती. मला टाळायचं ते आपल्या घरातलं. परगावच्या बाईनं येऊन सगळ्या मैदानाला सांगायचं म्हणजे काय? सबिना माझ्या शेजारी बसली होती, उलट्या तोंडानं, ती दातांतल्या दातांत म्हणत होती, “हसतीया व्हय, थांब, हसतीया व्हय.”

माझ्या पाठीवर एक थाप नाही.

शेवटच्या तुकडीतल्या दोघी बाद झाल्या. आता मैदानात एकटी राजनंदिनी. ती बाद झाली तर आम्ही जिंकलो, शिट्टीपर्यंत वाचली तर त्या. आमच्या बाकावरून सर ओरडत होते, अर्धं मिनिट, अर्धं मिनिट. राजनंदिनी पळत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

अनुजा माझ्या मागच्या बाजूनं येत होती. मला तिचे बूट पाठ होते, डावा जरा घासतो. मी अंग आवळलं. बूट जवळ आले. आले.

आणि पुढं गेले.

तिनं खो दिला तो सातवीला. राजनंदिनी हसून मधून पलीकडं सटकली. मी डोळे मिटले, खरंच मिटले, आणि मला माळा दिसला, अब्बांनी स्टूल घेतलंय, बूट हातात आहेत. पलीकडं थाप, खो, थाप, खो. सबिना माझ्या शेजारून सुटली, कुणीतरी तिच्या जागी धपकन बसलं. डोळे उघडले तर राजनंदिनी पुन्हा माझ्यापुढं. तिचे केस सुटले होते. तिनं क्लिप दातात धरली, दोन्ही हात मानेमागं नेले आणि ती माझ्या डोक्यावरून पलीकडं बघत होती. तिकडून अनुजा पुन्हा उठली होती. ती खांबाला वळसा घालून माझ्या मागच्या बाजूला येत होती. डावा बूट घासत होता.

थाप अशी पडली, की माझे दात एकमेकांवर आपटले.

“खो!”

मी पूर्ण उभीसुद्धा राहिले नाही. एक गुडघा जमिनीवर, आणि हात राजनंदिनीच्या पोटावर. तिच्या तोंडात क्लिप होती, त्यामुळं तिला धड ओरडताही येईना. पंचांनी हात वर केला. मग लगेच शिट्टी झाली.

पोरी सुटल्या, आणि सगळ्या अनुजाच्या अंगावर पडल्या. सरसुद्धा. माझ्याकडं कुणी आलं नाही. मग मी एकटीच दोन्ही हात वर करून मैदानाभोवती पळत सुटले, घसा फाटेपर्यंत ओरडत. त्या ट्रॅकसूटवाल्या बाईंसमोरून जाताना मी मुद्दाम सावकाश गेले.

परत आले तेव्हा अनुजा बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतत होती. मी तिच्यासमोर उभी राहिले.

“पहिल्यांदा का नाही दिलास?”

“पयल्यांदा द्यायचाच न्हवता,” ती म्हणाली.

“आणि दुसऱ्यांदा?”

“दुसऱ्यांदा जिंकायचं हुतं.” तिनं बाटली झटकली, थोडं पाणी माझ्या तोंडावर उडालं, मला वाटतं मुद्दाम. “म्हनून लई मनावर घेऊ नकोस. मला तू अजून बघवत न्हाईस.”

“मला पण तू,” मी म्हटलं.

“बरं हाय मग,” ती म्हणाली आणि पोरींकडं गेली.

अब्बा आणि केरबामामा रिक्षाजवळ उभे होते. मी गेले तर अब्बांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तिकडं पोरींकडं बघितलं. त्या सगळ्या एकमेकींच्या गळ्यात हात टाकून फोटो काढत होत्या. फोटोत मी नव्हते.

“ती उंच पोरगी,” अब्बा म्हणाले, “तुला बोलत न्हाय वाटतं?”

“नाही.”

“आन् त्या बाकीच्या?”

“त्यापण नाही. सबिना बोलते, डब्याच्या वेळी.”

अब्बांनी केरबामामांकडं बघितलं. केरबामामांनी खांदे उडवले आणि हँडल धरलं.

“मग विभागाला जानार कुणाबरोबर?”

“ह्यांच्याबरोबरच की अब्बा,” मी म्हटलं. “दुसऱ्या कुणाबरोबर जिंकणार?”